बॅटरीचं पाणी

सादिकचा पाय प्लॅस्टरमध्ये,
म्हणून त्याची गाडी माझ्याकडे.
क्लच उशिरा सोड, म्हणाला,
नवख्या हाताला ती अडखळते.
आणि येताना मला काहीतरी आण.
डोंगरावरून काय आणू?
असेल ते.

वडाळीभोईला हायवे सोडला तेव्हा ऊन होतं,
मार्चचं, मानेला चिकटणारं.
कौतिक पुढे, आरसे काढून टाकलेले,
मागे कोण आहे हे त्याला पाहायचंच नसतं.
मग यशोदा,
सातपूरला आठवडाभर लेथवर उभी राहून
रविवारी राजदूतवर बसणारी.
मग मी.
शेवटी शरणपूरचा डेव्हिड,
पाकिटात स्पितीची यादी घेऊन:
लोकरी मोजे, टायरच्या साखळ्या, उंचीच्या गोळ्या.
आठ वर्षांची यादी. घडीवर फाटलेली.
कधी कुणाचं लग्न, कधी कुणाची नोकरी,
यंदा सादिकचा पाय.

हट्टीच्या वर रस्ता संपतो.
म्हणजे असतो, पण गुरांना माहीत असतो.
सुट्या दगडांवर मागचं चाक
स्वतःचं मत मांडायला लागतं.
धोडपची खाच समोर होती,
पडक्या दातासारखी,
आणि मग नव्हती.

हेल्मेटवर टक्.
खडा मारला कुणी म्हणून मागे वळलो
तर डेव्हिडही मागे वळून बघत होता.

करवंदीच्या जाळीत चौघं उकिडवे,
गाड्या आडव्या,
पाठीवर कुणी पोतं उलटं करावं तसं
दहा मिनिटं.
बोलणं शक्यच नव्हतं.
यशोदानं माझा हात धरला होता
हे नंतर लक्षात आलं, वळ पाहून.

थांबलं तेव्हा
सोनारवाडीकडची अख्खी सोंड पांढरी.
डेव्हिड उठला. यादी काढली नाही.
नुसतं म्हणाला, चला.

गारांवरून चाक जातं तेव्हा
साबुदाणा सांडल्यासारखा आवाज येतो.
हँडल आपल्या हातात, दिशा नाही.
पाय खाली टाकावा तर पायही जातो.
मी दोनदा पडलो,
यशोदा एकदा, आणि बसल्या जागी हसत राहिली,
सायलेन्सरची वाफ तिच्या तोंडावर.

कौतिक हसला नाही.
कड्याशी उभा, खाली बघत.
धोडांब्याला बहिणीची बाग,
गुरुवारी तोडणी ठरलेली.
फोन वर धरला, खाली धरला, रेंज नाही.
माचीवर येते, म्हणाला, आणि किक मारली.

तिथून पुढचा चढ आम्ही
एका फोनसाठी चढलो.
कुणी ओरडलं नाही, कुणी फोटो काढला नाही.
पडलेल्याला उचलायचं, ढकलायचं, फर्स्ट गिअर,
पुन्हा ढकलायचं.

माचीवर तो पाठमोरा बोलला, बराच वेळ.
आम्ही त्याची पाठ वाचत होतो.
वळला.
धोडांब्याला नुसता वारा, म्हणाला,
आणि मूठभर गारा यशोदाच्या कॉलरात कोंबल्या.
मग काय विचारता.
चाळिशीची माणसं आणि ते वागणं.

उतरताना मात्र हट्टीचा कांदा दिसला,
जमिनीला चिकटलेला.
एक बाई घमेल्यात गारा भरून
अंगण मोकळं करत होती.
आमच्याकडे तिनं पाहिलं, किंवा पलीकडे.
आम्ही इंजिनं बंद केली,
गाव संपेपर्यंत गाड्या नुसत्या घरंगळत नेल्या.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं तसं करायला.

रात्री सादिकला थर्मास दिला.
उघडून बघितलं: पाणी,
तळाशी ज्वारीएवढं काहीतरी, तेही गेलं.
त्यानं बोट बुडवलं. बराच वेळ ठेवलं.
मग म्हणाला, सीट काढ.
प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून
बॅटरीची सहा झाकणं त्यानं उघडली
आणि गाळण्यातून थोडं थोडं ओतलं,
खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत.

सहाव्याला कमी पडलं.
शेल्फवर बाटली होती,
त्यानं घेतली नाही.
तसंच झाकण लावलं.